सरळ केलेली रेघ

धनसिंग नाना विहिरीत गेले, त्याच्या सातव्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ भाईदास धुळ्याला आला आणि कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, फिजिक्सच्या प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभा राहिला. आत सगळे बूट घालून फिरत होते. रूपानं "अहो भाऊ, असेच या" म्हटलं, तरी तो अनवाणीच आला आणि टॉवेलात गुंडाळलेला डबा त्यानं तिच्या टेबलावर ठेवला.

"तुनी वस्तू," तो म्हणाला. "पोलीस कंदील लई गयात. याले त्यासनी हात बी लावा नही. त्यासले वाटनं, जेवणना डबा शे."

तसा तो जेवणाचाच डबा होता. तीन वर्षांपूर्वी रूपानं भांड्यांच्या दुकानातून आणलेला, स्टीलचा, एका खणाचा. बुडाला बारीक भोकं पाडून त्यात तिनं आपली सगळी विद्या बसवली होती. नखाएवढी काच, काचेवर कथील ऑक्साइडचा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा थर, त्याखाली तापणारी बारीक तार, सर्किट, बॅटरी, शिट्टी आणि नोंदी साठवणारं मेमरी कार्ड. गाळ काढायला विहिरीत उतरण्याआधी हा डबा दोराला बांधून खाली सोडायचा. तळाशी कुजका, विषारी वायू असला तर शिट्टी वाजणार. नाही वाजली तर माणसानं उतरायचं.

त्या दिवशी ती वाजली नव्हती.

"पाणी घ्या, भाऊ."

"नको." तो उभाच होता. "शुक्रवारी ठाण्यात बलायेल शे. वहिनीना भाऊसनी लिही देल शे, मी कंदील मुद्दाम सोडा नही म्हणीसन."

"मुद्दाम?"

"कंदील काठवरच व्हता ना. भरेल. काडीपेटी बी जोडे. पोलीस म्हनस, मंग सोडा काब नही?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगं, इसरी गऊ." त्यानं टॉवेलाची घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. "दहावाले ये."

तो विसरला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. भडगावच्या पलीकडे, गिरणेच्या काठच्या त्यांच्या गावात विहिरी उपसणाऱ्यांच्या तीन पिढ्या माणूस उतरण्याआधी कंदील सोडत आल्या होत्या. वात तेवत राहिली तर खाली श्वास घेण्याजोगी हवा आहे. विझली तर त्या दिवशी चहा पिऊन घरी जायचं. इतकं सोपं. आणि रूपानं त्यांना सांगितलं होतं, "नाना, या डब्यासोबत कंदील सोडायचा नाही हं. रॉकेलच्या धुरानं हा उगाच बोंबलतो." तिचं म्हणणं खरंच होतं. कंदील लागला की डबा खोटी शिट्टी मारायचा. डबा वर काढल्यावर मग कंदील सोडा, एवढं पुढचं वाक्य ती बोलली नव्हती. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त डबा होता.

नानांनी त्या दिवसापासून कंदील वर्ज्य केला. भाईदास मात्र सवयीनं तो घेऊन यायचा, भरून, काच पुसून, आणि काठावर ठेवायचा. नाना त्याला चिडवायचे, "ठेव, ठेव. तुनी बायको शे ती, घर सोडीसन कशी ऱ्हाई?"

नानांच्या शेजारच्या घरात वाढलेली रूपा आता एकेचाळीस वर्षांची होती. सतरा वर्षं ती या प्रयोगशाळेत सहायक होती. म्हणजे काचा धुणं, रसायनं मोजणं, पोरांनी फोडलेल्या बीकरची यादी करणं, आणि उरलेल्या वेळात प्राध्यापकांना न जमणारे थर जमवणं. तिच्या हाताला ते कसब कुठून आलं, कोणालाच सांगता येत नव्हतं. पुस्तकं तिनं स्वतःच वाचली होती, आधी मराठीत मिळतील ती, मग इंग्रजी, बोट ठेवून, एकेक ओळ. शेवटी निर्मलकुमार सर म्हणाले, "रूपाताई, सगळं तुम्हीच करता, तर पीएचडीही तुम्हीच करून टाका." सर तिच्याहून चार वर्षांनी लहान. धरणगावच्या मारवाडी कापड दुकानदाराचा मुलगा, गल्ल्यावर बसायचं सोडून फिजिक्सकडे वळलेला. माणूस चांगला. कामात एक धागा उसवलेला दिसला तर जेवण न जाणारा.

गावात मात्र डॉक्टर होणार म्हटल्यावर ताईबाईनं, म्हणजे नानांच्या बायकोनं, पहिल्यांदा विचारलं होतं, "मंग सुई देशी का?"

"नाही काकू, मी फार लहान गोष्टींची डॉक्टर."

"बारीक पोरंसनी?"

"त्याहून लहान."

किती लहान, हे नानांना तिनं एकदा ओट्यावर बसून समजावलं होतं. भांड्यांना कल्हई करतात ते कथील. त्याच्या ऑक्साइडचे कण ती पाच नॅनोमीटरचे करायची. केसाची जाडी सोळा-सतरा हजार वाटण्यांत कापली तर एकेक वाटणी येईल तेवढे. इतक्या लहान कणात इलेक्ट्रॉनला हातपाय पसरता येत नाहीत. त्याला ठरलेल्या पायऱ्यांवरच उभं राहावं लागतं, मधे कुठे टेकायची सोय नाही, आणि कण आणखी लहान केला की पायऱ्याही बदलतात. मोठ्या कणाचं कसं, वाड्यासारखं. दाराशी कोण आलं ते माजघराला कळत नाही. हा कण म्हणजे एका खोलीचं घर. कडी वाजली की घरातलं प्रत्येक माणूस जागं. हवेतला प्राणवायू त्याच्या भिंतींना चिकटून बसतो आणि घरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. गटारातला, गाळातला विषारी वायू आला की तो त्या प्राणवायूला घेऊन जातो. इलेक्ट्रॉन सुटतात, विजेला होणारा विरोध धाडकन पडतो, शिट्टी वाजते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे दारना पाव्हना उठना, का घरवाला नाचतस."

इतकं नेमकं तिच्या प्रबंधातही कुठे लिहिलेलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका पोल्ट्रीशेजारच्या विहिरीत डबा किंचाळला होता. नाना उतरले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तिथं मेलेली मांजर तरंगताना सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर नाना भडगावपासून पाचोऱ्यापर्यंत, जिथे जिथे काम मिळेल तिथे, डबा वर धरून दाखवायचे. "हाई आमनी रूपानी करेल शे." नवऱ्या मुलाचा फोटो दाखवावा, तसा.

भाईदास गेल्यावर रूपानं डबा उघडला. कार्ड काढलं. संगणकाला लावलं.

त्या दिवसाच्या दोन नोंदी होत्या. पहिली, डब्यानं शिट्टीसाठी वापरलेली. ती रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ, आखून काढावी तशी. दुसरी कच्ची, काचेवरच्या थरानं जसं सांगितलं तशी. ती उतरत होती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी काठावरून निघाली, आणि डबा जसजसा खाली गेला तसतशी घसरत गेली. तळाशी पोचली तेव्हा थराचा विरोध निम्म्याच्याही खाली आला होता.

तिला पुढचं बघायची गरज नव्हती. तरी तिनं शेल्फावरून आपला प्रबंध काढला आणि चौथ्या प्रकरणातली सातवी आकृती उघडली. काचेच्या नळीत नायट्रोजन सोडून प्राणवायू हुसकावला की थराचा विरोध कसा पडतो, ते तिथं होतं. तीच रेघ. तोच उतार. खाली तिच्याच शब्दांत लिहिलेलं, प्राणवायू कमी होताच विरोध घटतो. सहा वर्षं रोज सकाळी तिनं हे पाहिलं होतं.

विहिरीत विषारी वायू नव्हताच. झाकून ठेवलेली जुनी विहीर. तळातला पालापाचोळा कुजून कुजून तिथला प्राणवायू खाऊन बसला होता. भिंतींना चिकटलेले पाहुणे उठून गेले होते. आणि पाच नॅनोमीटरच्या त्या लहानशा घरातल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. त्यांनी सांगितलंही होतं.

मग शिट्टी का वाजली नाही, हेही तिला ठाऊक होतं. विहिरीत दमटपणा असतो. दमटपणानं रेघ हळूहळू सरकते आणि डबा उगाच ओरडतो. सुरुवातीच्या चाचण्यांत सर वैतागले होते. "रूपाताई, ही रेघ सरळ करा हो. परीक्षक बघतील तर हसतील." तेव्हा रूपानं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. रेघ धाडकन पडली तर वायू. हळूहळू उतरली तर तो दमटपणा समजायचा आणि वजा करायचा. नानांना सांगितलं, "नाना, डबा घाईनं सोडायचा नाही, नाहीतर नुसत्या ओलीनंही हा बोंबलतो. मिनिटाला दोन हात. मोजून."

नानांनी मोजून सोडला होता. वीस मिनिटं. दोर कुठेही झटकलेला नव्हता. त्यांनी कंटाळून डबा भसकन सोडला असता, तर तो किंचाळला असता.

निर्मलकुमार सरांनी दोन्ही रेघा पाहिल्या. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

"हे ऑक्सिजन मोजायचं यंत्र नाहीच, रूपाताई. शीर्षकातच लिहिलंय आपण, हायड्रोजन सल्फाइडसाठी म्हणून."

"नानांनी शीर्षक वाचलं नव्हतं, सर."

"तसं नाही म्हणत मी." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "पुढच्या आठवड्यात, बुधवारी तुमची तोंडी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येतायत. तुम्ही पोलिसांत जाऊन काय सांगणार? माझ्या प्रोग्रॅममुळे माणूस मेला? उद्या वर्तमानपत्रात येईल. कॉलेज हात वर करील. तुमची नोकरीही..."

"शुक्रवारी भाईदासभाऊला बोलावलंय."

"त्याच्यावर काही सिद्ध होणार नाही."

"गावात झालंय, सर. ताईबाईंच्या दारात पाय ठेवू देत नाहीत त्याला. सख्ख्या भावाच्या दहाव्याला तो लांब उभा राहणार आहे."

सर खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघू लागले. मग पाठमोरेच म्हणाले, "रेघ सरळ करा, हे मी म्हटलं होतं."

"हो."

"तुम्ही ते सांगाल?"

तिला त्यांचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. राग आला असता तर अर्धं ओझं तरी त्यांच्या अंगावर टाकता आलं असतं. "ओळी मी लिहिल्या, सर," ती म्हणाली.

गुरुवारी ती पारोळ्याला बस बदलून गावी गेली. दहावा गिरणेच्या पात्रातच होता. मे महिना, पात्रात वाळू जास्त आणि पाणी कमी. पिंडाला कावळा शिवायला वेळ लावत होता आणि बायका कुजबुजत होत्या, नानांचं मन कशात अडकलंय. कोणीतरी म्हणालं, "भाऊमा. दुसरं कशामा?" सगळ्यांच्या माना वळल्या. भाईदास बाभळीखाली एकटाच बसला होता, मुंडण केलेला, ओल्या धोतरात.

रूपा सरळ त्याच्यापाशी गेली. वाळूत त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. उतरणारी रेघ, चार ओळी, कंदिलाचं अर्धवट वाक्य. तो ऐकताना वाळूत बोटानं काही काढत होता आणि पुसत होता.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"कंदील लावूत म्हणं मी त्याले. दोनदा. तो म्हणे, रूपानी नही सांगेल शे, तू काय रूपाथीन शहाना शे का?" त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते. "दोरले बांधेल फळीवरतीन उतरना. गाळमा दोन पावलं टाकात आन बसना. आराम कराले बसस ना, तसा. मी वरतीन हाका मारू. दोर वढा तं रिकामी फळी वर उनी. मी उतरी ऱ्हायंतू तं चार जननी धरी ठेवं माले."

"मी उद्या ठाण्यात येते तुमच्यासोबत. सगळं लिहून देते. तुमच्यावरचा आळ उतरेल."

"नको."

"का?"

"तुनासाठी नही म्हनत मी." तो पहिल्यांदाच कडक बोलला. "तो गाव-गाव हिंडीसन सांगे, हाई आमनी पोरनी करेल शे. तो तुनावर भरोसा ठी मरना. आते लोकं म्हनतीन, धनसिंग येडा व्हता, बाईना डबाना नादे मरना. माले काय, माले दोन वरीस बोलतीन आन सोडी देतीन. त्याले कायम हसतीन."

सबंध वाटेत तिनं आपल्या अपराधाची मापं काढली होती. हे माप त्यात नव्हतंच.

तरी ती उठली. नदीवरून परतलेल्या बायकांच्या मागे नानांच्या घरी गेली. ताईबाई भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं, हातात कोणीतरी दिलेला गार झालेला चहा. रूपाला पाहून तिनं बाजूला सरकून जागा केली. त्या सरकण्यानंच रूपाचा धीर सुटायला आला.

"काकू, भाईदासभाऊंची काही चूक नाही. चूक माझी."

तिनं पुन्हा सांगितलं. या खेपेला सोपं करून, कारण ताईबाईला प्रोग्रॅम कळणार नव्हता. ओट्यावर नानांना सांगितलं होतं तसंच सांगितलं. घर, भिंती, पाहुणे. हवा कमी झाली, पाहुणे उठून गेले, आतल्यांना कळलं. आजूबाजूच्या बायका हातातली कामं टाकून जवळ सरकल्या.

"म्हंजे तुना डबाले समजेल व्हतं," ताईबाई म्हणाली. "खाले हवा नही म्हणीसन."

"हो."

"आन तो सांगी ऱ्हायंता."

"हो, काकू."

"मंग तू त्याले बोलू काब दिधं नही, माय?"

आवाजात राग नव्हता. पोरानं बाहेर उभं राहून हाक मारली आणि घरातल्या कोणीच ऐकली नाही, असं कळल्यावर आई विचारते तसं तिनं विचारलं. रूपानं तोंड उघडलं. दमटपणा, खोटी शिट्टी, परीक्षक, सरळ रेघ, सगळं जिभेपर्यंत आलं आणि त्यातला एकही शब्द या घरात बोलण्याजोगा निघाला नाही.

ताईबाईचा मोठा भाऊ उठून उभा राहिला. "नीघ," तो म्हणाला. "आते लगेच नीघ आठेथीन."

ताईबाईनं त्याला अडवलं नाही. हातातला चहा तिनं खाली ठेवला, आणि रूपासाठी केलेली जागा पदरानं झाडून पुन्हा भरून बसली.

शुक्रवारी सकाळी ठाण्यात हवालदारानं रूपाचा जबाब घेतला. भाईदास बाहेर, उघड्या दाराजवळच्या बाकावर तिच्याकडे पाठ करून बसला होता. कपाटावर, कागदी चिठ्ठी बांधलेला कंदील ठेवलेला होता. काच लख्ख. तेल काठोकाठ.

हवालदार माणूस सोशिक होता. दोन्ही रेघांचे कागद त्यानं आडवे-उभे धरून पाहिले.

"मॅडम, थोडक्यात लिहितो. यंत्रात बिघाड झाल्यामुळे इशारा मिळाला नाही. बरोबर?"

"नाही. यंत्रात बिघाड नव्हता."

"मग शिट्टी का नाही वाजली?"

"मी वाजू नये असं केलं होतं म्हणून."

त्यानं पेन थांबवलं. "मुद्दाम?"

तोच शब्द. भाईदासनं प्रयोगशाळेत अनवाणी उभं राहून उच्चारलेला. रूपा कंदिलाकडे बघत राहिली.

"रेघ सरळ दिसावी म्हणून," ती म्हणाली. "हेच लिहा. आणि आणखी एक लिहा. मयतानं मी सांगितलेली प्रत्येक सूचना तंतोतंत पाळली. मिनिटाला दोन हात. कंदील सोडायचा नाही. त्याच्याकडून एकही चूक झाली नाही. तो वेडा नव्हता."

"तो वेडा नव्हता, हे जबाबात कशाला?"

"लिहा, साहेब. माझी सही आहे ना खाली."

हवालदारानं सुस्कारा टाकला आणि लिहिलं. पुढे कागद सरकवताना रिवाजाप्रमाणं विचारलं, "हुद्दा काय टाकू? डॉक्टर ना तुम्ही?"

"नाही," रूपा म्हणाली. "प्रयोगशाळा सहायक."

सही करून ती बाहेर आली तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. हवालदारानं आतून भाईदासच्या नावानं हाक मारली. पुन्हा मारली. ठाण्याच्या फाटकाबाहेर, भर उन्हात, मुंडण केलेला एक माणूस गावाच्या रस्त्यानं चालत निघाला होता. हाक त्याच्यापर्यंत पोचत होती, हे तिला त्याच्या पाठीवरून कळत होतं. तो थांबला नाही.